उठ, जरा चालून ये!

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझ्या रूममेटला मी आजारी पाडलं. म्हणजे आजारी तो होताच, मी त्याला आणखी आडवा केला.

त्याला इथे अण्णा म्हणू, खरं नाव छापू नकोस असं त्याने बजावलंय. अण्णा सोलापूरकडचा, मेकॅनिकलचा. वर्कशॉपचा जॉब सगळ्यांच्या आधी पूर्ण करणारा आणि संध्याकाळी व्हॉलीबॉलला नेटवर उड्या मारणारा गडी. सेकंड इयरच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. दहा दिवसांत ताप गेला, प्लेटलेट वर आल्या, आई येऊन राहून गेली. सगळं ठीक झालं, फक्त अण्णा उठेना.

सहा महिने उलटले तरी तेच. दहा तास झोपून उठला तरी रात्रभर जागल्यासारखा चेहरा. लेक्चरला अर्धा तास बसला की बोर्डवरचं डोक्यात शिरायचं बंद. आम्ही काय म्हणणार? "नाटकं करतोय", "सबमिशनला टरकला", "प्रेमभंग झाला असेल रे!" एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी मन रमवायला सांगितलं. मग मीच मित्रधर्म निभवायला निघालो. पहाटे पांघरूण ओढायचं, "उठ, जरा चालून ये!" म्हणायचं आणि त्याला रोडपालीच्या तळ्यावर न्यायचं. पहिल्या दिवशी एक फेरी, मग दोन, मग तीन. पाचव्या दिवशी अण्णा भिंत धरून बाथरूमला गेला. पुढचे पंधरा दिवस अंथरुणात. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली ती तेव्हाच.

तिसऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई-सीएफएस. बऱ्याच जणांना हा एखाद्या संसर्गानंतर जडतो. याची खूण नुसता थकवा नव्हे. थोडे श्रम केले की त्याची वसुली काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी होते आणि ती आठवडेच्या आठवडे चालते. रक्ताची एकही अशी टेस्ट अजून नाही, की रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' येईल. म्हणून तर सगळ्यांना नाटक वाटतं.

आता माझं समाधान म्हणा, पण तळ्याच्या फेऱ्यांची चूक माझ्यापेक्षा मोठ्या लोकांनीही केली आहे. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर 'पेस' नावाची मोठी चाचणी झाली. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, की हळूहळू व्यायाम वाढवत नेला तर फायदा होतो. रुग्ण ओरडत राहिले की आम्ही याने बिघडतो. कुणी ऐकेना. मग रुग्णांनीच आकडे तपासायला घेतले. काय सापडलं? शारीरिक क्षमतेचे १०० पैकी ६५ किंवा कमी गुण असतील तर माणूस चाचणीत घेण्याइतका आजारी, आणि नंतर ६० किंवा जास्त असतील तर त्या मोजमापापुरता तो 'बरा'! म्हणजे ६५ चा ६० वर घसरला तरी पास. आमच्या मेजरमेंटच्या जर्नलमध्ये असं कॅलिब्रेशन लिहून दाखवा, सर फाईल खिडकीतून भिरकावतील. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठ अपिलात गेलं आणि २०१६ मध्ये हरलं. आधी ठरवलेल्या निकषांवर पुन्हा हिशेब केला तेव्हा 'बरे झालेल्यां'चा आकडा पार खाली आला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून तो वाढत्या व्यायामाचा उपचार काढून टाकला.

हे सगळं गोऱ्यांचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. तर आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या अळदोणे भागात १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं. २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते छापून आलं. १२ टक्के बायकांना सहा महिन्यांहून जास्त दिवसांचा थकवा होता. आपल्याकडे अशा बाईला डोळे झाकून लोहाच्या गोळ्या देतात, पण इथे हिमोग्लोबिनशी थकव्याचा संबंध लागला नाही. लागला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, मनावरच्या ताणाशी. हा थकवा आणि अण्णाचा आजार एक नव्हे, उगाच गल्लत नको. ("बघा, शेवटी मनाचंच!" असं म्हणणारे सर आमच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी हे खास.) पण घरी जाऊन विचारलं म्हणून गोळीमागचं कारण तरी कळलं.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. रुग्णाला नुसतं विचारू नका, प्रश्न ठरवायलाच बसवा. एडिंबरा विद्यापीठातल्या 'डीकोड-एमई' प्रकल्पात हेच केलं. प्रा. ख्रिस पाँटिंग यांच्यासोबत रुग्ण आणि त्यांच्या संस्था सुरुवातीपासून होत्या. जो अंथरुणातून उठू शकत नाही तो दवाखान्यात रक्त द्यायला कसा येणार, हे रुग्णाला वेगळं समजवावं लागत नाही. म्हणून प्रश्नावली घरबसल्या आणि लाळेचा नमुना पोस्टाने. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी १५,५७९ रुग्णांचा निकाल मांडला. जनुकांच्या आराखड्यात आठ जागी फरक दिसला आणि त्यातल्या काही जागा प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी जोडलेल्या जनुकांजवळ आहेत. यातून टेस्ट किंवा औषध लगेच निघणार नाही. पण 'आळस' हा शब्द तरी मागे घ्यायला हरकत नसावी. आणि हा हिशेब युरोपीय वंशाच्या रुग्णांचा. सोलापूरच्या अण्णाची लाळ त्यात नाही. ती आपल्याकडेच कुणीतरी मागायला हवी.

तोवर आपल्या ऑफिसातल्या मेडिकलच्या फॉर्मचं बघू. त्यात तीन रकाने आहेत: आजाराचे नाव, आजारी पडल्याची तारीख, बरे झाल्याची तारीख. तिसरा रकाना अण्णाला भरता येत नाही आणि तो रिकामा असला की काउंटरवरून फॉर्म परत येतो. दोनदा आला. हजेरी समितीच्या सरांना आणि मॅडमना विनंती, की नवा फॉर्म करताना अण्णाला बोलवा. बोलवा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर नको, लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. आता आम्ही तळमजल्यावर राहायला आलोय. रात्री तळोज्याच्या बाजूने वास येतो म्हणून खिडकी लावून घेतो, पण दार उघडंच असतं. सकाळी अकराच्या पुढे या, त्याआधी तो बोलण्याच्या अवस्थेत नसतो. त्याने एक प्रश्न लिहूनही ठेवलाय: "काल जे केलं, त्याने आज किती तास गेले?"