समुद्राभिमुख खोली आणि वैद्याचे दायित्व

पावस हे गाव स्वामी स्वरूपानंदांच्या (१९०३–१९७४) समाधिस्थानामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. पूर्वी येथे येणारा भाविक रत्नागिरीहून एस.टी.ने येई, समाधीचे दर्शन व प्रसाद घेई आणि सायंकाळी परत फिरे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, रस्ते सुधारले आणि किनारपट्टीवर निवासस्थाने उभी राहू लागली. आता दर्शनाला जोडून दोन-तीन दिवस गणेशगुळ्याच्या पुळणीवर किंवा पूर्णगडाच्या परिसरात घालवणारा पाहुणा वाढला आहे. या निवासांच्या दरपत्रकात समुद्राभिमुख खोली, नौकाविहार आणि मत्स्यभोजन यांच्या जोडीला ‘आयुर्वेदिक पंचकर्म’ ही ओळही दिसू लागली आहे. या ओळीविषयी आपल्या व्यवसायाने गांभीर्याने विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

समुद्रसान्निध्यात आरोग्य शोधण्याची प्रथा केवळ आपल्याकडची नाही. दक्षिण युरोपात एड्रियाटिक समुद्राकाठी, आजच्या क्रोएशियात, ओपातिया नावाचे गाव आहे. तेथेही आधी रेल्वे आली आणि मग निवासस्थाने. १८८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या दक्षिण रेल्वे कंपनीने तेथे पहिले मोठे हॉटेल उभारले आणि १८८९ मध्ये शासनाने त्या गावास अधिकृत आरोग्यस्थानाचा दर्जा दिला. पाहुण्यांनी चालावे म्हणून समुद्रालगत बांधलेली सुमारे बारा किलोमीटरची पायवाट आजही वापरात आहे. आज त्या भागातील पंचतारांकित निवासांत समुद्रजल व समुद्रचिखलाचे उपचार ‘थॅलासोथेरपी’ या नावाने विकले जातात. तेथील वैद्यकाची गुणवत्ता ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. पण पाहुण्याने कोठे राहावे आणि दिवसभरात काय करावे हा आरोग्याचा प्रश्न आहे, ही जाणीव त्यामागे होती. आपल्या शास्त्रात तर देश, काल आणि विहार यांचा विचार पदोपदी आहे, आणि तरीही आपण तो पर्यटनव्यावसायिकांच्या हाती सोपवून मोकळे झालो आहोत.

प्रथम खोलीचा विचार करू. चरकाचार्यांनी कल्पस्थानात आनूप देशाचे वर्णन करताना नारळी-केळींची दाटी, नदी-समुद्राचे काठ आणि थंड वाऱ्यांचे बाहुल्य सांगून हा देश वातकफप्रधान ठरवला आहे. हे वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांसमोर पावसची वाडीच उभी राहते. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात प्रवात, म्हणजे अंगावर थेट येणारा वारा, रूक्षता व स्तंभ उत्पन्न करणारा परंतु दाह, स्वेद व तृष्णा शमवणारा सांगितला आहे. सुखकर वारा ग्रीष्म व शरद ऋतूंत सेवन करावा, निवात स्थान मात्र सर्वकाळ हितकर, असा त्यांचा निर्णय आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की वैशाखात किंवा आश्विनातील उन्हाच्या तडाख्यात पित्तप्रकृतीच्या पाहुण्याने समुद्राभिमुख खोली घेतल्यास ती त्याला मानवेल. नाताळच्या सुट्टीत आलेल्या आमवाताच्या वा तमकश्वासाच्या रुग्णास तीच खोली अधिक पैसे मोजून घेतलेली व्याधी ठरेल.

येथे आणखी एका गोष्टीचे भान ठेवणे आवश्यक आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानात पूर्वेचा वारा स्निग्ध, लवण व गुरू, तर पश्चिमेचा वारा रूक्ष व खर सांगितला आहे. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेस आहे. दिवसा येणारे खारे वारे पश्चिमेचेच, पण ते ओलावा व लवणांश घेऊन येतात. हिवाळ्यात पहाटे सह्याद्रीकडून उतरणारे मतलई वारे पूर्वेचे असूनही कोरडे असतात. तेव्हा दिशेचे नाव पाठ म्हणणाऱ्याने येथे उलटाच सल्ला दिला असता. वाऱ्याचा गुण पाहून निर्णय करणे यालाच युक्ती म्हणतात, आणि ती स्थानिक वैद्याजवळच असते.

आपल्या पूर्वजांनी ही युक्ती घरबांधणीत वापरली होती. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही जुने घर नारळी-पोफळीच्या आड, जांभ्या दगडाच्या भिंतींचे आणि उतरत्या कौलांचे असे. वारा खायला पडवी आणि आजारी माणसाला, बाळंतिणीला आतली खोली. उपचारासाठी येणाऱ्या पाहुण्यास आम्ही वाडीतली, कोरड्या भिंतीची, गरम पाण्याची सोय असलेली, शौचालय लगत असलेली आणि गाण्याबजावण्यापासून दूर अशी खोली घ्यावयास सांगतो. अभ्यंग-स्वेदनानंतर वातानुकूलन यंत्र बंद ठेवावयास सांगतो. अशी खोली बहुधा दरपत्रकात सर्वांत स्वस्त असते, हे विशेष.

आता दिनक्रमाविषयी. शोधनापूर्वी स्नेहपान तीन ते सात दिवस, नंतर अभ्यंग-स्वेदन, मग मुख्य कर्म आणि त्यानंतर शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन ते सात दिवस संसर्जनक्रम, हा हिशेब आपणांस मुखोद्गत आहे. दोन रात्री व तीन दिवसांच्या सहलीत तो कोणत्याही गणिताने बसत नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात शोधनकाळी टाळावयाच्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: मोठ्याने बोलणे, वाहनाचे हादरे, अतिचंक्रमण, एकाच जागी फार बसणे, अजीर्णात भोजन, अहितकर भोजन, दिवसा झोप आणि मैथुन. समुद्रकाठच्या सहलीचा कार्यक्रम या यादीशेजारी ठेवून पाहावा. रात्रीचा वाद्यवृंद, वेगवान बोटीची फेरी, किल्ल्याची चढण, भरपेट मासळी आणि दुपारची निद्रा! यादीतील बहुतेक सर्व गोष्टी तेथे पैसे भरून मिळतात. सुट्टीत आनंद घेऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आनंद घ्यावा, पण त्याला शोधन म्हणू नये.

हे सर्व लिहिताना आमच्याकडूनही प्रमाद घडला, हे मान्य करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील एका निवासाने आम्हांस दरमहा मानधन देऊ केले आणि ‘वैद्यांच्या देखरेखीखाली’ या शब्दांसह आमचे नाव पाटीवर रंगवले. आठवड्यातून एकदा आम्ही जात असू. एका दुपारी, आमच्या अनुपस्थितीत, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांना भोजनानंतर तासाभरात अभ्यंग व बाष्पस्वेद देण्यात आला आणि त्यानंतर ते नौकेतून फिरून आले. मधुमेही अस्वेद्य, हे पहिल्या इयत्तेचे ज्ञान, पण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सायंकाळी भोवळ येऊन पडल्यावर त्यांना आमच्याकडे आणले गेले आणि रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ते बरे झाले. निघताना त्यांनी शांतपणे विचारले, “डॉक्टर, त्या पाटीवर नाव तुमचंच आहे ना?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न आम्ही विसरू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पाटी उतरवून घेतली. मानधन आधीच घेतलेले होते, ते परत केले.

औषधी विक्रेत्या बांधवांचाही यात वाटा आहे. सुगंधी खनिज तेलाचे मोठे डबे कमी दरात मागवून त्यांवर नारायण तेलाचे नाव सांगण्याचा आग्रह काही ग्राहक धरतात. आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे आणि २००० सालापासून ‘शेड्यूल टी’ने निर्मितीशाळेचे निकषही घालून दिले आहेत. सुटे, निनावी तेल नाकारले तर एक ग्राहक जाईल. दिले तर शास्त्राचे नाव जाईल.

केरळच्या पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांचे ‘ग्रीन लीफ’ व ‘ऑलिव्ह लीफ’ असे वर्गीकरण करून पात्र वैद्याची उपस्थिती व प्रशिक्षित परिचारकांची अट घातली होती. शासनाची वाट न पाहता आपल्या संघटनेस काही गोष्टी आजच करता येतील. एक, प्रत्यक्ष उपस्थित राहणार नसल्यास कोणत्याही वैद्याने पाटीवर आपले नाव देऊ नये. दोन, अभ्यंगापूर्वी विचारावयाचे प्रश्न, म्हणजे ज्वर, अजीर्ण, गर्भावस्था, मधुमेह, रक्तदाब व चालू औषधे, यांचे एकपानी मराठी पत्रक प्रत्येक निवासास द्यावे. तीन, दोन-तीन दिवसांच्या उपचारांस ‘अभ्यंग’ म्हणावे, ‘पंचकर्म’ म्हणू नये. चार, बस्तीचा काळ वर्षाऋतू आहे आणि त्याच काळात किनाऱ्यावरील खोल्या रिकाम्या असतात. नौकाविहारही बंद असतो. ओल नसलेली खोली निवडून पंधरा दिवस राहण्याची योजना निवासचालकांपुढे आपणच मांडावी. केरळात कर्कटक मासातील चिकित्सेने हे सिद्ध करून दाखवले आहे.

पाहुणा आपल्याकडे समुद्र पाहावयास येतो. तो बरा होऊन जावा अशी आपली इच्छा असेल, तर खोलीची किल्ली त्याच्या हाती पडण्यापूर्वी आपण त्याची नाडी पाहिली पाहिजे. सभासदांनी या सूचनांवर आपली मते संपादकांकडे अवश्य कळवावीत.