एकाच घरात एक फोन पळतो, दुसरा का अडतो?



मागल्या पावसाळ्यात वसमत तालुक्यातल्या एका गावी हळदीचा प्लॉट पाहायला गेलो होतो. पानांवरच्या करप्याचे बोलणे झाले, फवारणीचे प्रमाण लिहून दिले आणि चहा घेता घेता घरधन्याने दुसरेच दुखणे काढले.

“साहेब, बिल एकच भरतो, मंग नेट दोन परकारचं कसं? ओसरीत पोराच्या फोनवर पिच्चर पळतो, अन् आतल्या खोलीत पोरीचा साधा फारम उघडंना. तिचा फोनच बाद झाला म्हणायचा. पंधरा हजाराचा नवा घ्यावा म्हणतो.”

मुलगी बारावी झालेली. सीईटीनंतर महाविद्यालयांचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायचे होते आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती सकाळपासून आतल्या खोलीत फोन हातात धरून बसली होती. पान अर्धे उघडे आणि तिथेच थांबे.

रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नका, हे मी पंचवीस-तीस वर्षे बांधावर उभा राहून सांगत आलो आहे. तोच नियम इथे लावला. म्हटले, नवा फोन नंतर पाहू, आधी अर्धा तास पाहणी करू. त्या अर्ध्या तासात जे केले, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण हे दुखणे आता घरोघर आहे.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पंचायतीपर्यंत ती तार, आणि पुढे कोणा ना कोणा कंपनीची तार घरापर्यंत, अशी आज कितीतरी गावांची स्थिती आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. बिलावर जो वेग लिहिलेला असतो, तो भिंतीवरच्या राउटरपर्यंतचा. राउटरपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतची वाट ही तुमच्या घराची. ठिबकच्या मोटारीवर दाब पुरेसा असतो, तरी शेवटच्या नळीला थेंब पडत नाही, तेव्हा आपण मोटार बदलत नाही. फिल्टर, व्हॉल्व्ह, नळी असे पाहत पुढे जातो. इथेही तसेच जायचे.

पहिली पाहणी: मुळाशी वेग किती?
राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभे राहा. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही यांचे वायफाय बंद करा. मग स्पीड टेस्ट तीन वेळा घ्या आणि आकडे वहीत लिहा. घरात लॅपटॉप असेल तर तो तारेने राउटरला जोडून पाहिलेले सर्वांत चांगले. आमच्या त्या घरी 40 एमबीपीएसचे बिल होते आणि राउटरजवळ 38 मिळाले. म्हणजे कंपनीचा दोष नव्हता. इथेच आकडा फार कमी आला असता, तर घरात काही शोधण्यात अर्थ नव्हता. तेव्हा वही घेऊन कंपनीलाच विचारायचे.

इथे आणखी एक घोटाळा होतो. बिलावरचा आकडा बिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना दिसतो तो पुष्कळदा बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून 40 च्या जोडणीवर फाइल सेकंदाला पाच मेगाबाइटने उतरली, तर ते बरोबरच आहे. त्यावरून भांडायला जाऊ नका.

दुसरी पाहणी: फोन अडतो की जागा?
ही सर्वांत महत्त्वाची. दोन्ही फोन एकाच जागी ठेवा आणि एकामागून एक मोजा. दोन्ही एकदम मोजू नका, ते एकमेकांचे पाणी ओढतात. जागा एक असूनही फरक राहिला तर दोष फोनचा. फरक गेला तर दोष जागेचा. मुलीचा फोन ओसरीत आणून मोजला तेव्हा 36 आले. भावाच्या फोनच्या जवळपास तेवढेच. तोच फोन आतल्या खोलीत नेला, तर 3. घरधनी दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले. पंधरा हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

तिसरी पाहणी: वाटेत काय आहे?
त्या घराची पुढची बाजू नवी, स्लॅबची. मागची जुनी, माळवदाची. मधली भिंत मातीची, दोन फूट रुंद, आणि पावसाने ओल धरलेली. त्या भिंतीला टेकून धान्याची पत्र्याची कोठी आणि लोखंडी कपाट. राउटर ओसरीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, जमिनीपासून हातभर वर. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. लोखंड आणि पत्रा त्यांना परतवतात, पाणी आणि ओल त्यांना शोषून घेतात. पाण्याची टाकी, फ्रिज, आरसा, स्लॅबमधले गज, हे सगळे वाटेतले बांध समजा.

माझ्या स्वतःच्या घरी मी हीच चूक केली होती. धूळ बसू नये म्हणून राउटर लोखंडी कपाटात ठेवला आणि वेग नाही म्हणून कंपनीच्या माणसाशी फोनवर वाद घातला. तो बिचारा घरी आला आणि त्याने कपाटाचे दार उघडले, एवढेच केले. तेव्हापासून मी आधी मोजतो, मग बोलतो.

राउटर घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर ठेवावा. टीव्हीमागे, कपाटात, फ्रिजवर ठेवू नये.

चौथी पाहणी: कोणत्या वाटेने जोडला आहे?
पुष्कळ राउटर दोन वाटा देतात. 2.4 गिगाहर्ट्झची वाट लांब जाते, भिंतीतून त्यातल्या त्यात बरी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच वाटेवर. 5 गिगाहर्ट्झची वाट वेगवान, पण भिंत आली की लवकर थकते. जुन्या किंवा स्वस्त फोनला पुष्कळदा पहिली एकच वाट कळते. एकाच खोलीत एक फोन पळतो आणि दुसरा रखडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही वाटांना वेगळी नावे द्या. जवळच्या टीव्हीला आणि नव्या फोनला 5 ची जोडा, लांबच्याला 2.4 ची. शेजारी राउटर जास्त असतील तर 2.4 च्या वाटेवर 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळा चॅनल निवडा. हे तिन्ही एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

आणखी एक. एका वाटेवर एका वेळी एकच यंत्र बोलते. लांबच्या खोलीतला रखडत चालणारा फोन मोठी फाइल ओढत असेल, तर तो वाट अडवून धरतो आणि जवळचे चांगले फोनही मागे पडतात. शिवाररस्त्यावर बैलगाडीमागे ट्रॅक्टर अडकतो, तसे. म्हणून लांबच्या फोनची सोय केली तर फायदा सगळ्या घराचा होतो.

पाचवी पाहणी: फोनच्या आत काय चालले आहे?
दोष फोनचा निघाला, तरी लगेच नवा घेऊ नका. बॅटरी वाचवण्याची सोय चालू आहे का, मागे फोटो चढत आहेत का, अपडेट उतरत आहे का, व्हीपीएन चालू राहिले आहे का, आतली जागा भरली आहे का, हे पाहा. फोन एकदा बंद करून चालू करा.

सहावी पाहणी: तार.
तारेने जोडलेला संगणकही हळू असू शकतो. इंटरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. 1000 एमबीपीएससाठी चारही लागतात. उंदराने एखादी जोडी कुरतडली तर केबल चालू दिसते, पण वेग 100 वर येऊन थांबतो. केबल बदलून पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. चार औषधे एकदम फवारली तर कोणते लागू पडले ते कळत नाही. संध्याकाळी सात ते दहा आणि पहाटे, असे दोन्ही वेळा मोजा. राउटरजवळही पहाटे वेग चांगला आणि संध्याकाळी सगळ्याच फोनना कमी, असे रोज होत असेल, तर गर्दी बाहेरच्या लाइनवर आहे. तारीख, वेळ आणि आकडे वहीत लिहून तक्रार द्या. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस केली, हेही ठाऊक असू द्या.

आता त्या घराचे सांगतो. मुलीला म्हटले, आज ओसरीतच बस आणि फॉर्म भर. ती गप्प राहिली. तेव्हा तिची आई आतून बोलली, “साहेब, ओसरीत दिवसभर माणसायची ये-जा. तिनं तिथं बसायचं कसं? मी कवाचीच म्हणते, त्यो डबा आत घ्या म्हणून. पण टीव्ही बाहीर हाय ना!”

खरी गाठ इथे होती. राउटर कुठे बसवायचा हे ठरवताना टीव्हीचा विचार झाला होता, मुलीच्या अभ्यासाचा झाला नव्हता. मुद्दाम कोणी केले नव्हते, तसे राहून गेले होते. घरधन्याने काही न बोलता ओसरीतली बाज उचलून बाहेर नेली, आल्यागेल्याला अंगणात बसवले, आणि मुलाला फोन बंद करायला लावला. मुलीने तासाभरात पसंतीक्रम भरून पावती काढली.

आठवड्याने पुन्हा त्या बाजूला गेलो. राउटर मधल्या खोलीत भिंतीवर उंच बसला होता. जुना पडून असलेला दुसरा राउटर तारेने जोडून मुलीच्या खोलीत लावला होता. बिनतारी एक्स्टेंडर घेऊ नका, साधा एक्स्टेंडर पुष्कळदा वेग निम्म्यावर आणतो, तार ओढा, असे मी सांगून आलो होतो. आतल्या खोलीत आता 30 च्या पुढे वेग मिळत होता. खर्च केबलचा, काहीशे रुपये.

सिद्धेश्वरच्या कालव्यावरचे शेतकरी हे अधिक चांगले जाणतात. पाळी आली की आधी टेलच्या माणसाला विचारावे, पाणी पोचले का? या रविवारी तुमच्या घरातही वही घ्या आणि पहिला आकडा सगळ्यांत आतल्या खोलीचा लिहा. तिथे कोण बसते आणि काय काम करते, तेही पुढे लिहा. आकडे घेऊन कार्यालयात आलात तर आपण मिळून पाहू.

पुढच्या अंकात हळदीच्या कंदमाशीविषयी.