तरतूद आहे, निधी नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण थोड्याच दिवसांत सर्वसाधारण सभेत आपल्या नगरपरिषदेचं अंदाजपत्रक येणार. दुसऱ्या दिवशी मथळा येणार, ‘कोणतीही करवाढ नसलेले शिलकी अंदाजपत्रक मंजूर’. पुढाऱ्यांचे फोटो येणार, खाली अभिनंदनाच्या कमेंटी पडणार. त्या पोस्टला लाईक करण्याआधी मला पाच मिनिटं द्या.

मी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात आयुष्यभर नोकरी केली. शेवटची काही वर्षं पाणीपुरवठा विभागाची बिलं माझ्याच टेबलावरून जायची. आता निवृत्त आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. अशी शिलकी अंदाजपत्रकं मी स्वतः तयार केलेली आहेत. एक-दोन नाही, बरीच. त्यातली बेरीज कायम बरोबर असायची. गडबड बेरजेच्या आधीच झालेली असायची.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण ही पोस्ट त्याचीच आहे.

निवृत्तीच्या आधीचा उन्हाळा. एप्रिलच्या मध्यात जॅकवेलवरचा पंप जळाला. दुसरा पंप राखीव म्हणून असायला हवा, तो आधीच्या वर्षीपासून बंद पडून होता. अर्ध्या गावाला नऊ दिवस नळाचं पाणी नव्हतं. टँकर आले, भांडणं झाली, रात्री दोनला बायका बादल्या घेऊन उभ्या. सहाव्या दिवशी एक मावशी थेट माझ्या टेबलाशी आल्या. हातात वर्तमानपत्राचं जुनं कात्रण. म्हणाल्या, “भाऊसाहेब, फेब्रुवारीत तुम्हीच छापलं ना, नगरपालिकेकडं एवढे लाख शिल्लक म्हणून? मग मोटर का येईना?”

मी त्यांना काहीतरी उत्तर दिलं. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असलं काहीतरी. पण माझ्या कपाटात एक फाईल होती. पाणीपुरवठा अभियंत्यांनी राखीव पंप दुरुस्त करण्यासाठी त्याआधीच्या वर्षभरात तीन टिपण्या पाठवल्या होत्या. तिन्हींवर माझ्या अक्षरात एकच शेरा होता, ‘तरतूद आहे, निधी उपलब्ध नाही.’

हे पाच शब्द समजून घ्या. नगरपालिकेचा सगळा कारभार त्यात आहे.

तरतूद म्हणजे अंदाजपत्रकात लिहिलेला आकडा. निधी म्हणजे बँकेत असलेला, खर्च करता येईल असा पैसा. तरतूद करायला सभागृहाचा हात वर लागतो. निधी यायला वसुली लागते. आपण दरवर्षी टाळ्या वाजवतो त्या तरतुदीला.

आता हे कसं होतं ते सोप्या हिशोबानं सांगतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्याही गावाचे नाहीत.

समजा गावात 10,000 नळजोडण्या आहेत आणि वर्षाची पाणीपट्टी 1,800 रुपये. म्हणजे चालू मागणी 1 कोटी 80 लाख. मागची थकबाकी धरा 2 कोटी. अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला काय लिहितात? दोन्हींची बेरीज, 3 कोटी 80 लाख. जणू यंदा सगळं गाव रांगेत उभं राहून जुनं-नवं सगळं भरणार आहे.

प्रत्यक्षात चालू मागणीतले साठ टक्के आले तर 1 कोटी 8 लाख. थकबाकीतले पंधरा टक्के आले तर 30 लाख. एकूण 1 कोटी 38 लाख.

खर्चाची बाजू बघा. वीजबिल 1 कोटी 60 लाख. कंत्राटी कामगार 60 लाख. तुरटी, टीसीएल पावडर वगैरे 25 लाख. देखभाल-दुरुस्ती 50 लाख. एकूण 2 कोटी 95 लाख. कागदावर 85 लाख शिल्लक! छापा मथळा. प्रत्यक्षात 1 कोटी 57 लाखांचा खड्डा.

खड्डा पडला की पैसे कुणाला मिळतात? वीजबिल आधी भरावं लागतं, नाहीतर महावितरण जोडणी तोडतं. तेही पूर्ण नाही, हप्ते पाडून. कामगारांचं द्यावं लागतं, ते काम बंद करतात. तुरटीशिवाय पाणी सोडता येत नाही. उरली देखभाल-दुरुस्ती. पाइपलाइन संप करत नाही. व्हॉल्व्ह मोर्चा आणत नाही. राखीव पंप कुणाला निवेदन देत नाही. म्हणून दरवर्षी पहिला बळी त्याच लेखाशीर्षाचा जातो. अंदाजपत्रकात 50 लाख, प्रत्यक्ष खर्च नावापुरता. आणि मग एका एप्रिलमध्ये पंप जळतो.

दुसरी गोष्ट ‘आरंभीची शिल्लक’. अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत हा मोठा आकडा असतो. लोकांना वाटतं गल्ल्यात पैसा आहे. अहो, त्यात बरेचसे पैसे योजनांचे असतात. एका योजनेचा रस्ता, दुसऱ्या योजनेचं सभागृह, अर्धवट खर्च झालेलं अनुदान. त्या पैशाला हात लावता येत नाही, तो त्याच कामाला खर्चायचा. काही रक्कम तर ठेकेदारांची अनामत असते, जी उद्या परत करायची आहे. घरात शेजाऱ्यानं ठेवायला दिलेले दागिने आपल्या संपत्तीत मोजल्यासारखं आहे हे.

आता कुणीतरी म्हणेल, त्याच वर्षी मार्चअखेरीला चौकात स्वागत कमान झाली, पेव्हर ब्लॉक बसले, त्याला पैसे कुठून आले? रास्त प्रश्न आहे. ते पैसे वेगळ्या शीर्षाखाली, त्याच कामाच्या नावानं मंजूर होऊन आले होते. 31 मार्चला खर्च दाखवला नाही तर परत जाण्याची भीती. कमानीचे पैसे पंपाला वळवता येत नाहीत, हे खरंच आहे. पण माझा सवाल पुढचा आहे. मागणी कुणी केली? वरून निधी मागताना प्रस्ताव कमानीचा का गेला, पंपाचा का नाही? कारण कमानीवर नाव कोरता येतं. रिवाइंडिंग केलेल्या पंपाचं उद्घाटन होत नाही.

हेच मोठ्या योजनांचं. केंद्राची अमृत योजना 2015 ला आली, 2021 ला तिचा दुसरा टप्पा आला. राज्याचं नगरोत्थान आहे. नवी टाकी, नवी जलवाहिनी यासाठी कोट्यवधी मिळतात आणि मिळायलाच हवेत. पण टाकी बांधून झाली की वीजबिल कुणाचं? व्हॉल्व्हमनचा पगार कुणाचा? नगरपरिषदेचा. म्हणजे योजना जितकी मोठी, तितका दरवर्षीचा खर्च मोठा. हा खर्च कुठून भागवणार याचं एक पान प्रस्तावाला जोडतात. ते पान कसं भरलं जातं, ते मी बघितलंय. वसुली शंभर टक्के धरली की सगळं जुळतं.

केंद्र सरकारनं 2008 मध्ये शहरांच्या सेवांसाठी मापदंड ठरवून दिले. पाणीपुरवठ्याचा चालवण्याचा खर्च शंभर टक्के वसूल व्हावा. मागणीपैकी किमान 90 टक्के वसुली व्हावी. गळती आणि बिनहिशोबी पाणी 20 टक्क्यांच्या आत असावं. आपल्या गावाचे हे तीन आकडे किती आहेत, हे कुठल्याही नगरसेवकाला विचारून बघा. बहुतेकांना प्रश्नच नवीन वाटेल.

आता जरा कटू बोलतो. कारण सगळा दोष नगरपालिकेवर ढकलला की आपल्याला झोप छान लागते.

थकबाकीची यादी मी वर्षानुवर्षं बघितलीय. तिच्या शेंड्यावर झोपडपट्टी नसते. तिथली माणसं जोडणी तुटेल म्हणून पाचशे-पाचशे आणून भरतात, पावती जपून ठेवतात. मोठी थकबाकी असते ती मंगल कार्यालयं, लॉज, व्यापारी गाळे, शिक्षणसंस्था, आणि हो, सरकारी कार्यालयांचीसुद्धा. नोटीस तयार होते, सही होते, आणि फोन येतो. फोन कुणाचा येतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मग वसुली पथक जातं ते हातगाडीवाल्याच्या घरी.

थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. पण मोठे थकबाकीदार शांत असतात. त्यांना माहीत असतं, आज ना उद्या अभय योजना येईल आणि शास्ती माफ होईल. वेळेवर भरणारा मात्र दरवर्षी मूर्ख ठरतो. तुम्ही भरणारे असाल तर हा राग तुमचा आहे, माझा एकट्याचा नाही.

आणि ‘पट्टी एक रुपयाही वाढू देणार नाही’ म्हणणारे नेते, त्यांच्याबद्दल. वर्षानुवर्षं पट्टी तीच, वीजदर वाढतात, मजुरी वाढते, फरक कोण भरतं? आपणच. पंधरा लिटरचा जार वीस-तीस रुपयांना घेतो, महिन्याला दोन टँकर घेतो, बोअर मारतो. ज्याला परवडतं तो पाणी विकत घेतो, ज्याला परवडत नाही त्याची मुलगी शाळा बुडवून नळाशी बसते. न वाढवलेली पट्टी अशी वसूल होते. मी सरसकट पट्टी वाढवा म्हणत नाही. मीटर लावा, वापराप्रमाणे घ्या, गरजेपुरतं पाणी स्वस्त ठेवा, गाड्या धुणाऱ्याकडून आणि बाग भिजवणाऱ्याकडून जास्त घ्या. पण ‘करवाढ नाही’ हा पराक्रम म्हणून सांगू नका.

अधिकाऱ्यांची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. गेली काही वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत प्रशासक होते. निवडणुका लांबल्या. लोकनियुक्त सभागृह नाही म्हणून अनेक ठिकाणी वित्त आयोगाचे हप्ते अडकले. लेखा विभागात पदं रिक्त, दोन माणसांचं काम एक करतो. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, जळणारा पंप पुढच्या साहेबांच्या काळात जळणार असतो. मीही तेव्हा गप्प बसलो. ‘साहेब, वसुलीचा अंदाज जास्त धरलाय’ असं एकदा म्हणालो होतो. उत्तर आलं, “मग तूट दाखवू का?” त्यानंतर म्हणालो नाही. ती चूक माझी, आणि नऊ दिवसांच्या त्या टंचाईत माझाही वाटा आहे.

पण आता सभागृह आलंय. निवडून दिलेली माणसं बसलीत. पहिलंच अंदाजपत्रक आहे. आता ‘प्रशासक होते’ हे कारण चालणार नाही. म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. अवघड नाही.

अंदाजपत्रकाची प्रत मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अंदाजपत्रक त्यांनी स्वतःहून जाहीर करायचं असतं. नाही दिलं तर दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत हातात आली की पुढच्या वर्षाचा रकाना सोडून द्या. डावीकडे ‘मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा’ आणि ‘प्रत्यक्ष खर्च’ असे रकाने असतात. खरं ते तिथं आहे. मग आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढंच विचारा:

एक, मागच्या वर्षी पाणीपट्टीची मागणी किती आणि प्रत्यक्ष वसुली किती? यंदा त्यापेक्षा जास्त धरली असेल तर कशाच्या जोरावर?

दोन, पाणीपुरवठ्याच्या देखभाल-दुरुस्तीची तरतूद किती होती आणि खर्च किती झाला?

तीन, आरंभीच्या शिलकेत योजनांचे आणि अनामतीचे पैसे किती, मोकळे किती?

चार, वीजबिलाची आणि ठेकेदारांच्या बिलांची किती रक्कम थकलीय? ती अंदाजपत्रकात कुठं दाखवलीय?

पाच, पहिल्या पन्नास थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागणार का?

सहा, राखीव पंप चालू आहे का?

शेवटचा प्रश्न साधा वाटेल. पण माझ्या मते सगळं अंदाजपत्रक त्या एका प्रश्नावर तपासता येतं.

आणि सभागृहातल्या नव्या मंडळींना हात जोडून सांगतो. एक वर्ष तुटीचं अंदाजपत्रक मांडायची हिंमत करा. वसुली मागच्या वर्षी आली तेवढीच धरा. खड्डा किती आहे ते गावाला सांगा, आणि तो कसा भरायचा ते गावाला विचारा. लोक शिव्या देतील, पण खरं ऐकल्यावर शिव्या देणारा माणूस पट्टी भरायलाही येतो, हा माझा खिडकीवरचा अनुभव आहे. शिल्लक आहे म्हणून सांगितलेल्या पालिकेला पैसे भरायला कोण येईल?

त्या मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांचं उत्तर तेव्हा द्यायला हवं होतं, ते आज देतोय. मावशी, शिल्लक नव्हतीच. आम्ही तसं लिहिलं होतं.

ज्यांना पटलं त्यांनी नाव न टाकता कॉपी केलं तरी चालेल. पण आपल्या नगरसेवकाला टॅग करा. आणि हो, या वर्षीची पट्टी भरली नसेल तर उद्या सकाळी भरा. मगच सहा प्रश्न विचारायला जा.