'लाईफटाईम तेल' म्हणजे नक्की कुणाची लाईफ?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. तूर फुलावर आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात बोलू. पण हे पोटात ठेवून झोप लागेना.

तीन वर्षांपूर्वी पोराच्या हट्टापायी शहरातनं जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली. सीव्हीटीची. किलोमीटर 58 हजार. सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा विचारलं, गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं? काउंटरवरचा पोरगा हसला, "काका, लाईफटाईम असतं ते. हात पण लावायचा नाही." आपण खेड्यातली माणसं, गप्प बसलो. 90 हजाराला गाडी चढावर थरथरायला लागली. गावाकडच्या गॅरेजवाल्याने लिटरभर लाल ऑटोमॅटिकचं तेल वरनं ओतलं. महिनाभरात आवाज सुरू. अंदाज आला 1 लाख 40 हजार. सोयाबीन गेली की हो त्यात!

चूक कुणाची? पहिली त्या 'लाईफटाईम' म्हणणाऱ्याची, दुसरी तेल ओतणाऱ्याची. आणि तिसरी माझी, कारण बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल दोनदा वाचणारा मी, गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात तसंच प्लास्टिकमध्ये ठेवून दिलं होतं.

आता हे यंत्र काय आहे ते बघा. सीव्हीटीत पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यात एक पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात तसा वेग बदलतो. तुमच्या अ‍ॅक्टिव्हात हेच आहे, फक्त तिथं रबराचा पट्टा कोरडा चालतो. कारमध्ये बहुतेक ठिकाणी पट्टा पोलादी आणि तो तेलात बुडालेला. पुल्यांना दाबून धरणारा जोर त्याच तेलाच्या प्रेशरचा. म्हणजे तेल इथं नुसतं वंगण नाही. ते पकड देतं, प्रेशर देतं आणि उष्णताही वाहून नेतं. लोखंडावर लोखंड न घसरता पकडून राहिलं पाहिजे, पण झिजलंही नाही पाहिजे, असं दुहेरी काम. साधं एटीएफ ते करू शकत नाही, म्हणून होंडा स्वतःचं एचसीएफ-2 मागते, निसान एनएस-2 नाहीतर एनएस-3. "तेल ते तेल, सगळं सारखंच" म्हणणाऱ्या मेकॅनिकला एकच विचारा: 2,4-डी मारलेला पंप न धुता कपाशीवर नेशील का? मग?

(एएमटी म्हणजे सीव्हीटी नव्हे. एएमटी हा साधाच गिअरबॉक्स, क्लच फक्त मशीन दाबतं. त्याचं तेल वेगळं. आपल्याकडं सरसकट सगळ्याला 'ऑटोमॅटिक' म्हणतात आणि तिथंच घोळ होतो.)

आता कपॅसिटीचं. यात सगळ्यात जास्त फसवणूक आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. कपॅसिटीचे आकडे दोन असतात. एक पूर्ण गिअरबॉक्सचा, म्हणजे कोरडा भरायचा झाला तर लागणारा. दुसरा, खालचा नट खोलल्यावर जेवढं पडतं तेवढ्याचा. बाकीचं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीत अडकून राहतं. समजा एकूण 7 लिटर आहे आणि नटातून साडेतीन पडलं. नवीन साडेतीन भरलं की झालं निम्मं नवं. गाडी थोडी चालवून परत तेवढंच काढून भरलं, तर 75 टक्के. तिसऱ्यांदा 87.5. हा हिशोब ड्रिपच्या टाकीत विद्राव्य खत सोडणाऱ्या कुणालाही कळेल. पण बिलावर 'ट्रान्समिशन ऑइल चेंज' एवढंच लिहितात आणि तुम्ही समजता सगळं बदललं.

उलटंही होतं. इंटरनेटवर 7 लिटर वाचून एखादा शहाणा सातही लिटर ओततो. तेल जास्त झालं की फेसाळतं, फेसात हवा, हवेचं प्रेशर बसत नाही, पट्टा घसरतो. कमी झालं तरी तेच. बऱ्याच गाड्यांना तेल बघायची पट्टीच नसते. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तेलाच्या तापमानालाच लेव्हल बघायची असते. थंड गाडी जॅकवर एका बाजूने उचलून "झालं साहेब" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणि लाईफटाईम? मॅन्युअलमध्ये कडक वापराचं वेगळं कोष्टक असतं. धूळ, घाट, ओझं, उन्हाळा, थांबत-थांबत चालणं. सांगा, आपल्याकडची कोणती गाडी त्यात बसत नाही? ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांमागे पहिल्या गिअरच्या वेगाने पाच किलोमीटर रांगणारी गाडी साध्या वापराची कशी? निसानने अमेरिकेत 2003 ते 2010 च्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्स वॉरंटी 60 हजार मैलांवरून 1 लाख 20 हजार मैलांवर नेली होती. गिअरबॉक्स अमर असता तर कुणी कशाला वाढवली असती? माझं मत सरळ आहे: मॅन्युअलात आकडा असेल तर तो, नसेल तर आपल्या रस्त्यावर 40 हजारांना तेल बदला. काही इंजिनिअर मित्र 60 म्हणतात. म्हणोत, गिअरबॉक्स माझा आहे.

अजून एक. डेअरीत दूध घालताना आपण मापावर नजर ठेवतो, फॅटवरनं भांडतो. मग इथं का लाजता? काढलेलं तेल मोजून दाखवायला सांगा. जेवढं निघालं तेवढंच आत. डब्याचं सील समोर फोडा, ग्रेड बिलावर लिहून घ्या. खालच्या चेंबरमधलं चुंबक काढलं असेल तर बघा. बारीक राखाडी लेप असतो तो चालतो, बोटाला टोचणारे कण आले तर गडबड आहे.

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स सध्या खोलून पडलाय. शनिवारी परत जातोय, सोबत फवारणीचं लिटरचं माप घेऊन. ज्यांच्याकडं सीव्हीटी आहे त्यांनी खाली गाडीचं नाव, किलोमीटर आणि शेवटी किती लिटर निघालं होतं ते लिहा. "काढलं पण मोजलं नाही" असं असेल तर तेही लिहा.