तपासनीस घरचा नको



आपल्या तालुक्यातील एका पंचायतीत (नाव मुद्दाम देत नाही) मी एक साधी यादी पाहायला गेलो होतो. वर्षभरात बांधकामाची परवानगी कोणाकोणाला मिळाली, एवढेच पाहायचे होते. तलाट्यांनी विचारले, "तुमचं काय काम?" म्हटले, काम काही नाही, फक्त पाहायचे आहे. "मग अर्ज करा." वीस रुपये भरून अर्ज केला. तीस दिवस गेले. पहिले अपील केले. शेवटी उत्तर आले : कार्यालयात येऊन पाहून जावे. म्हणजे पुन्हा त्याच टेबलापाशी!

मुळात या यादीसाठी अर्ज लागायलाच नको होता. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये सतरा बाबी दिल्या आहेत, ज्या प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने कोणी न मागता आपणहून जाहीर करायच्या. अंदाजपत्रक, खर्च, अनुदानाचे लाभार्थी आणि परवानग्या मिळालेल्यांचा तपशील, सगळे त्यात येते. मुदत होती 120 दिवसांची. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. आपापल्या पंचायतीच्या फलकावर काय लावले आहे ते एकदा जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी लसीकरणाचे जुने पोस्टर सापडेल.

असे का होते? मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून आधी दंडाचे कलम वाचले. अर्जाला उत्तर दिले नाही तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000. पण कलम 4 प्रमाणे आपणहून माहिती लावली नाही, तर त्याला दंडच नाही! ज्या नियमाने अर्जांची गरजच कमी झाली असती, नेमका तोच बिनदाताचा ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑगस्ट 2023 रोजी किशनचंद जैन यांच्या याचिकेवर माहिती आयोगांना बजावले की कलम 4 च्या पालनावर, त्रयस्थ तपासणीसह, सतत लक्ष ठेवा. निकाल चांगला आहे. पण राज्याचा आयोग बसतो गांधीनगरला, आणि त्याची माणसे निवडणाऱ्या तिघांच्या समितीत मुख्यमंत्री आणि त्यांनीच नेमलेला एक मंत्री, म्हणजे दोन मते सरकारचीच. विरोधी पक्षनेत्याने तिथे काय करायचे? याच आयोगाने काही अर्जदारांना पुढे अर्ज करायलाच मनाई केल्याचे 2022 मध्ये बाहेर आले. राखणदारच "फार विचारू नका" म्हणू लागला.

आमच्या बँकेत कॅशियर आपली रोकड आपण मोजून "बरोबर आहे" असे लिहून मोकळा होऊ शकत नाही. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे. तपासनीस दुसऱ्या शाखेचा, तोही न सांगता येणारा. कॅशियर चोर आहे असे त्यात कोणी म्हणत नाही, आणि कॅशियरलाही वाईट वाटत नाही. मग पंचायतीला का वाटावे?

म्हणून माझी मागणी तालुक्याच्या नागरी देखरेख आयोगाची आहे. सात-नऊ माणसे, ग्रामसभांनी सुचवलेल्या नावांतून चिठ्ठी टाकून काढलेली. पंचायतीचा सदस्य नको, ठेकेदार नको, बिल्डरचा भागीदार तर नकोच. दोन वर्षे मुदत, मानधन नाही. काम एकच : सतरा बाबी लागल्या की नाही ते दर सहा महिन्यांनी पाहणे आणि अहवाल ग्रामसभेत मोठ्याने वाचणे. दंडाचा अधिकार कायदा बदलल्याशिवाय मिळणार नाही, हे मला कळते. तोवर अहवाल आयोगाकडे तक्रार म्हणून पाठवता येईल. हे स्वप्नरंजनही नाही. मेघालयाने 2017 मध्ये सामाजिक लेखापरीक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. तिथल्या डोंगरातल्या गावांना जमते ते महामार्गावरच्या कामरेजला जमू नये?

"त्यातही राजकारण शिरेल," असे आपल्याच मंडळातील एका काकांनी मला सुनावले. शिरेल. म्हणूनच निवडणूक नको, चिठ्ठी हवी.

पण खरी अडचण आपली आहे. "आपण इथले दोन-चार घरांचे लोक, उगाच कशाला डोळ्यांवर यायचे?" हे वाक्य मी घरोघरी ऐकतो. अहो, कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला तालुका होता, तेव्हापासून आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज इथे कचेरीत लेखणी झिजवत आले. सयाजीरावांनी ग्रामपंचायतींचा कायदा 1902 मध्ये केला. संस्थानचा कारभार अहवाल दरवर्षी छापून निघत असे. ज्याला मतदारांची भीती नव्हती तो राजा हिशेब छापत होता, आणि आपल्या मतांवर निवडून आलेले सरपंच फलक कोरा ठेवतात! घरवेरो आपणही भरतो. मग पाहुण्यासारखे का वागायचे?

2020 मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली आणि तालुक्यातील काही गावे तिच्यात गेली. उरलेल्यांचे उद्या काय होईल कोण जाणे. पंचायतीचे दप्तर एकदा मोठ्या इमारतीत गेले की शोधत बसा.

मंडळाच्या कार्यकारिणीने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. सतरा बाबींची मराठी-गुजराती यादी मी टाइप करून ठेवली आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला प्रत्येक गावातून आपली निदान दोन माणसे ती हातात घेऊन उभी राहावीत. एकट्याने विचारले की काय होते, ते मी पाहून आलो आहे.