गुणांकनात उत्तीर्ण, नोकरीच्या प्रतीक्षेत

कॅनडात कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाला म्हणजे भवितव्याची चिंता मिटली, अशी मुंबई-पुण्यातील अनेक सुशिक्षित कुटुंबांची समजूत असते. वस्तुतः या परवान्याने त्या देशात राहण्याचा आणि काम शोधण्याचा हक्क मिळतो. काम मिळत नाही. राहती जागा विकून किंवा आयुष्यभराची पुंजी मोडून निघालेल्यांना हा फरक बहुधा तेथे पोहोचल्यावर कळतो, आणि तेव्हा परतीची वाट अवघड झालेली असते.

हा पेच व्यवस्थेच्या रचनेतच आहे. वंश आणि मूळ देश बाजूला सारून शिक्षण, वय, भाषा यांना गुण देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये स्वीकारली. जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' या नावाने तिची संगणकीकृत आवृत्ती सुरू झाली. ही निवड मुख्यतः केंद्र सरकार करते. अभियंते, डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना व्यवसायाचा परवाना देण्याचा अधिकार मात्र प्रांतांकडे आणि त्यांच्या कायद्यांनी स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थांकडे असतो. नोकरी देणारा मालक हा तिसरा परीक्षक. तिघांच्या कसोट्या निराळ्या असल्याने ओटावात गुण मिळवून देणारी पदवी टोरांटोत अपुरी ठरू शकते. डॉक्टरांची अडचण तर सर्वांत मोठी, कारण परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरही रुग्णालयीन प्रशिक्षणाच्या मर्यादित जागांसाठी त्यांना स्पर्धा करावी लागते.

त्यातच 'कॅनेडियन अनुभवा'ची अट. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही, असे हे दुष्टचक्र. टोरांटो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी सुमारे १३ हजार काल्पनिक अर्ज कंपन्यांकडे पाठवून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि अनुभव कॅनडातलेच असतानाही भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावांच्या अर्जदारांना इंग्रजी नावांच्या अर्जदारांपेक्षा कमी बोलावणी आली. अनुभव केवळ परदेशातील असेल, तर ती आणखी घटली. मालक स्थानिक शिक्षणापेक्षा स्थानिक अनुभवाला कितीतरी अधिक मोल देतात, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष.

कायद्याने याची दखल घेतली, पण सावकाश. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये ही अट सकृद्दर्शनी भेदभावाची ठरवली. तेथील अभियंत्यांच्या परवाना संस्थेने ती २०२३ मध्ये काढून टाकली. २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनी नोकरीच्या जाहीर निवेदनात अशी अट घालण्यास १ जानेवारी २०२६ पासून त्या प्रांतात बंदी आली. अर्थात, जाहिरातीतून हटलेली अट मालकाच्या मनातूनही हटेल, याची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही.

म्हणूनच तयारी मायदेशातच सुरू व्हायला हवी. स्थलांतरासाठी होणारे पदवीचे मूल्यमापन आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला व्यवसाय परवान्याच्या कक्षेत येतो का, हे त्या प्रांताच्या संस्थेकडून आधीच जाणून घ्यावे. विद्यापीठाच्या गुणपत्रिका आणि जुन्या मालकांची अनुभवपत्रे येथे असतानाच मिळवावीत. हजारो मैलांवरून त्यांचा पाठपुरावा करणे कष्टाचे असते. अर्जावर छायाचित्र, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती देण्याची आपली सवय तेथे सोडावी लागते.

त्याहून महत्त्वाची आहे पहिल्या नोकरीची निवड. घरभाडे भागवण्यासाठी गोदामात किंवा दुकानात काम करण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र अशा कामात वर्षे गेली, की मूळ कौशल्य गंजते आणि अर्जातील खंड वाढतो. त्याऐवजी अभियंत्याने तंत्रज्ञाचे, लेखापालाने हिशेबनिसाचे पद घेतले, तर पायरी खालची असली तरी जिना तोच राहतो. स्थलांतरितांसाठीचे पूरक अभ्यासक्रम आणि त्याच व्यवसायातील अनुभवी व्यक्तीशी गाठ घालून देणारे उपक्रम येथे उपयोगी पडतात. अनेक जागा ओळखीतून भरल्या जातात आणि नवागताकडे नेमकी तीच पुंजी नसते.

आता वाराही बदलला आहे. कायमस्वरूपी प्रवेशाचे लक्ष्य २०२४ साठी ४ लाख ८५ हजार होते; २०२५ साठी ते ३ लाख ९५ हजारांवर आणण्यात आले. मार्च २०२५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री'त नोकरीच्या प्रस्तावाचे अतिरिक्त गुणही बंद झाले. बनावट प्रस्तावांच्या विक्रीला आळा घालणे हा त्यामागील हेतू रास्तच. पण खरा प्रस्ताव मिळवणाऱ्याचाही लाभ त्यामुळे गेला.

गुणवत्ता पारखून माणसे बोलावणाऱ्या देशाने त्या गुणवत्तेला काम मिळण्याची वाटही मोकळी करायला हवी. ती पूर्ण मोकळी होईपर्यंत निघणाऱ्याने विमानाच्या तिकिटाबरोबर पहिल्या दोन वर्षांच्या खर्चाचा आणि प्रतीक्षेचाही हिशेब मांडलेला बरा.