‘इश्क’ला गोत्र विचारू नका

महाडच्या चवदार तळ्याच्या नावातला ‘दार’ फारसी आहे. चव आपली, ‘दार’ म्हणजे बाळगणारा. दुकानदार, वतनदार यांतला तोच. ही जोड कुणालाच खटकत नाही. ‘इश्क’ म्हटले की मात्र भुवया चढतात: ‘प्रेम’ असताना हा यावनी शब्द हवा कशाला?

कवी माधव जूलियन काही लहान माणूस नव्हेत. फारसी-मराठी कोश त्यांचा, ‘गज्जलांजलि’ त्यांची. तरी 1938 साली परके शब्द टाळण्याची बाजू मांडणारा ‘भाषाशुद्धिविवेक’ही त्यांनीच लिहिला. पण आपला शब्द आहे म्हणून परका नको, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. प्रेम आईचेही असते, देवावरही असते. आईच्या मायेला मराठी माणूस इश्क म्हणत नाही. इश्कात देहाची ओढ आहे, बदनामीची तयारी आहे. लावणीने त्याला ‘इष्क’ केले आणि फडावर नांदवले.

दुसरा पक्ष शब्दाची कड घेतो, आणि मला तोच जास्त घातक वाटतो. इश्क मुळात आपलाच, म्हणे. संस्कृत ‘इष्’, म्हणजे इच्छिणे, हाच त्याचा धातू. अवेस्तातही तो आहे, हे खरे. पण शब्दाच्या आरंभीचे ‘ऐन’ आणि अखेरचे ‘काफ’ ही अक्षरे अरबी वळणाची; त्यांचा उलगडा ‘इष्’मधून सहजी होत नाही. जुने अरबी कोशकार ‘अशका’ या वेलीकडे बोट दाखवतात: झाडाला बिलगणारी, पुढे पिवळी पडून सुकणारी. प्रेमात झिजतो तो आशिक. कुराणात ‘इश्क’ नाही, ‘हुब्ब’ आहे. इश्काला थोरवी दिली ती सूफींनी.

समजा, ‘इष्’ खरा ठरला. म्हणून काय तो अधिक मराठी होईल? गोत्र जुळले तरच आत घ्यायचे, ही रीतच मला मान्य नाही. हीच रीत महाडला पाण्यावर होती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून अस्पृश्य मानलेली हजारो माणसे त्या चवदार तळ्याचे पाणी प्यायली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा 1923चा बोले ठराव होता, 1924चा महाड नगरपालिकेचाही होता. तरी महाडच्या परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली आणि पुढे पंचगव्याचे घडे ओतून पाणी ‘शुद्ध’ केले गेले. शब्दाला तहान लागत नाही, लाठी बसत नाही; ही दोन दुःखे एका मापाने मोजण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. शुद्धीची बुद्धी मात्र तीच. बाबासाहेबांनी पाण्यापाशी जाताना कुळी सिद्ध केली नाही, माणूस असणे पुरेसे मानले.

मराठी कोशात ‘इष्क’पुढे ‘अरबी’ एवढे स्वच्छ लिहावे, आणि अर्थ शाहिरांना विचारून द्यावा.